लखलखाट आणि गोष्ट

सन २०२५ च्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक खटला उभा राहिला, आणि घरांत सर्वांत रिकामा मनुष्य मीच असल्यामुळें त्याचें न्यायासन माझ्याकडे आलें. फिर्यादी माझे धाकटे बंधु. आरोपी माझा नातू, वय वर्षें चौदा. आणि आरोप असा कीं, चिरंजीव रोज दिवेलागणीस शुभंकरोति आटोपतांच टीव्हीपुढें बैठक मारतात व जपानी लोकांनीं काढलेलीं तलवारबाजीचीं हलतीं चित्रें पाहतात, ज्यांत डोळे दिपविणाऱ्या लखलखाटावांचून कांहींएक नाहीं. आरोपीचें म्हणणें, लखलखाट आहे हें खरें, पण त्यांत गोष्टही आहे आणि ती चांगली आहे. बंधु म्हणाले, "दादा, तुम्ही जन्मभर मुलांना काव्य शिकवीत आलां. आतां तुम्हीच पाहा आणि निकाल द्या. गोष्ट असली तर चालूं दे. नसली तर त्याचे महिन्याचे पैसे मी भरणार नाहीं." नातू म्हणाला, "चालेल. पण आजोबांनीं सगळे भाग पाहायचे. मध्येंच डुलकी घ्यायची नाहीं." दोन्ही पक्षांच्या अटी मान्य करून मी कामास लागलों.

आमचें घर जांभूळ गांवीं, अंबरनाथ व बदलापूर ह्यांच्या मध्यें. दोन्हीकडच्या उंच इमारती आतां आमच्या गच्चीवरून दिसतात. पण घराची राहणी अजून बरीचशी जुनी आहे. तीन भावांची एक चूल, माजघर एक, आणि म्हणून टीव्हीही एक. जो कोणी जें कांहीं लावील तें सर्वांस पाहावें लागतें. सौभाग्यवती त्या वेळीं तेथेंच परात घेऊन बसतात व मोड आलेले कडवे वाल सोलतात. ह्या परातीचा उल्लेख मीं हेतुतः केला आहे. ती पुढें साक्षीस येणार आहे.

ज्या मालिकेवर खटला होता तिचें जपानी नांव 'किमेत्सु नो याइबा'; मुलांच्या तोंडीं 'डीमन स्लेयर'. मूळ चित्रकथा कोयोहारू गोतोगे ह्यांची. ती सन २०१६ पासून २०२० पर्यंत जपानांतील 'शोनेन जंप' ह्या साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि 'यूफोटेबल' नांवाच्या चित्रसंस्थेनें २०१९ पासून तिचीं हलतीं चित्रें काढण्यास आरंभ केला. नातवानें माझ्यापुढें पुरावा म्हणून ठेवलें तें २०२३ च्या एप्रिल ते जून ह्या काळांत दाखविलेलें अकरा भागांचें पर्व. काळ तैशो बादशहाचा, म्हणजे १९१२ ते १९२६ ह्या वर्षांतला. आपल्याकडे दादासाहेब फाळके बोलपटापूर्वींचे चित्रपट काढीत होते तोच. तांजिरो नांवाच्या कोळसे विकणाऱ्या मुलाचें सारें कुटुंब एका राक्षसानें मारलें. एक बहीण, नेझुको, तेवढी वांचली. पण ती राक्षसीण होऊन वांचली. ती माणसांस खात नाहीं, बोलत नाहीं, आणि उन्हांत गेली तर जळून जाईल; म्हणून भाऊ तिला लांकडी पेटींत घालून पाठीवर वाहतो व राक्षसांशीं लढतो. ह्या पर्वांत त्याची तलवार निकामी झालेली असल्यामुळें तो तलवारी घडविणाऱ्या लोहारांच्या गुप्त गांवीं जातो, आणि राक्षस त्या गांवावर चालून येतात. एवढें सांगितलें म्हणजे वाचकांस पुढचें समजण्यास अडचण पडणार नाहीं.

मी बसलों तो मनांत बंधूंचाच पक्ष धरून. पहिल्याच भागांत राक्षसांचा राजा आपल्या मुख्य सेवकांस एका वाड्यांत बोलावितो, आणि त्या वाड्यास वर व खालीं अशा दिशाच नाहींत. जिने उलटे लोंबत आहेत, एका दालनाचें छत तें दुसऱ्याची जमीन आहे, आणि त्यांतून पात्रें पडत नाहींत तर चालत आहेत. मीं हातांतला चहा खालीं ठेवला. नायक तलवार फिरवितो तेव्हां पात्यामागून पाणी उसळतें; त्या पाण्यास जाड काळी कड असते व लाटेच्या टोकाला फेसाचीं बोटें असतात, जशीं जपानच्या जुन्या लांकडी ठशांच्या चित्रांत असतात. चित्र हाताचें, त्यास जोड यंत्रगणकाची. पण हात कोठें संपला व यंत्र कोठें सुरू झालें हें पुष्कळदां सांगतां येत नाहीं. (जेथें सांगतां येतें तेथें तें बोचतें. माशांच्या तोंडाचे कांहीं राक्षस आहेत, ते खेळण्यांच्या दुकानांतून आणल्यासारखे दिसतात.) तात्पर्य, ह्या कारागिरीची थट्टा करणें हें आळसाचें लक्षण होय. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे सन १०६० चें. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर एक वीतभर जागा कोरींव कामावांचून सोडलेली नाहीं. आणि गाभाऱ्यांत जायचें तर पायऱ्या उतरून खालीं अंधारांत जावें लागतें. बाहेरच्या नक्षीमुळें आंतल्या देवास बाध आला असें आजवर कोणी म्हटलेलें ऐकिवांत नाहीं.

तरी बंधूंच्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि तें पर्वाच्या मध्यावर उघड झालें. तेथें हान्तेंगु नांवाचा एक राक्षस आहे. तो दिसण्यांत म्हातारा, रडका, थरथर कांपणारा. त्याचें डोकें उडविलें कीं एकाचे दोन होतात, दोनांचे चार. आणि ते चार म्हणजे राग, मौज, दुःख व हर्ष. एकाच्या हातीं विजेचा दंड, दुसऱ्याच्या हातीं वारा उठविणारा पंखा, तिसऱ्याच्या हातीं भाला, चौथ्यास पंख. ज्यानें रसशास्त्राची पोथी उघडली आहे त्याला हें पाहून गंमत वाटल्यावांचून राहणार नाहीं. मनुष्याच्या मनांतले भाव अंगें धारण करून रस्त्यावर मारामारीस उतरले आहेत! आणि ह्याहून मोठी गंमत पुढें आहे. हे चार कितीही वेळां कापले तरी मरत नाहींत, कारण मूळ राक्षस निराळाच. तो उंदराएवढा असून झाडाच्या मुळांत दडून बसलेला आहे. तो म्हणजे भय. राग, दुःख, मौज, हर्ष हीं सर्व त्या एका भयाचीं सोंगें. ही कल्पना ज्याला सुचली त्याला गोष्ट सांगतां येत नाहीं असें कोण म्हणेल?

पण कल्पना सुचली ती एका वाक्याची आणि तिच्यावर खर्च केले कित्येक भाग. वीज पडते, वारा सुटतो, लांकडाचे अजगर उठतात, झाडें मोडतात. नायक पडतो, उठतो, पुन्हां पडतो. प्रत्येक पटल सुंदर आहे, आणि दहा मिनिटांनीं आपण कोठें आहों, कोण कोणापासून किती दूर आहे, व आतां काय झालें म्हणजे काय होईल, ह्यांपैकीं एकही गोष्ट ध्यानांत राहत नाहीं. मीं नातवाकडे पाहिलें. तो एका डोळ्यानें टीव्ही व दुसऱ्यानें मोबाईल पाहत होता. परातीकडे पाहिलें. सौभाग्यवतींचे हात एका लयींत चालले होते; वालाचें साल एकीकडे, डाळ एकीकडे. आकाश फाटून वीज कोसळली त्या क्षणींही एक दाणा चुकला नाहीं. त्या रात्रीं मीं बंधूंस सांगितलें कीं, निकाल बहुधा तुमच्याच बाजूनें जाईल.

बंधु खूष झाले आणि म्हणाले, "मी म्हणत होतों ना? हें आजकालचें खूळ. आपल्याकडे असलें कांहीं नव्हतें." हें मात्र मला सोसवेना. आपल्याकडे असलें पुष्कळ होतें. सांगलीस ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, तेथून मराठी नाटकाचा जन्म आपण धरतों. आणि त्या वळणाच्या पौराणिक खेळांत लोक जात ते बरेचसे राक्षसांचीं आरोळ्यांसह पदार्पणें व तलवारींचा खणखणाट पाहण्यास. सूत्रधारानें पद म्हणून कथा पुढें ढकलावी व पात्रांनीं आयत्या वेळीं सुचेल तें बोलून मारामारीस लागावें असा प्रकार. त्या नाटकांस पुढें लोक 'अललडुर्र' म्हणूं लागले, तें नांवच पुरेसें बोलकें आहे. सन १८८० मध्यें पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' आणलें; त्यांत राक्षसाची आरोळी नाहीं, एक मुलगी सासरीं जावयास निघते आहे एवढेंच आहे, आणि प्रेक्षक रडले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारनें १९१० मध्यें बंदी घातली. तलवारींचीं नाटकें तेव्हां दुसरींही होत असतील. सरकार घाबरलें तें तलवारींस नव्हे, गोष्टीस. कीचक कोण व द्रौपदी कोण हें प्रेक्षकांस कळत होतें आणि तें कळतें आहे हें सरकारलाही कळत होतें.

फाळक्यांचीही गोष्ट अशीच. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत. आगकाड्या पडद्यावर आपोआप नाचतात असा एक लहानसा चित्रपट त्यांनीं काढला होता. आजच्या ह्या चित्रांचें मूळ आपल्या देशांत शोधूं लागलों तर तेथें जाऊन पोंचतां येईल. परंतु १९१७ सालीं 'लंकादहन' पाहण्यास लोकांनीं गर्दी केली ती केवळ शेंपटीची आग पाहण्यास नव्हे. आणि 'प्रभात'च्या १९३६ च्या 'संत तुकारामां'त शेवटीं विमान येतें, तें आज पाहतांना पुठ्ठ्याचें आहे हें लपत नाहीं. पण तें विमान पाहतांना आपलें लक्ष मागें राहिलेल्या जिजाईकडे असतें, आणि म्हणून पुठ्ठा असला तरी चालतो. व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं त्या चित्राचा गौरव झाला तो विमानाच्या बनावटीबद्दल झाला असेल असें मला वाटत नाहीं.

हें सर्व बंधूंस सांगून झाल्यावर मला झोंप येईना. त्याचें कारण वाचकांस सांगतों, कारण तें न सांगतां निकाल देणें अप्रामाणिकपणाचें होईल.

लखलखाटाच्या दोषाचा मी स्वतः धनी आहें. माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतें; संस्कृत मात्र वडिलांपाशीं व पुढें पाठशाळेंत झालें. शाळेंत संस्कृत शिकवितांना मला एका गोष्टीची फार हौस. भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा पंधरावा सर्ग युद्धाचा आहे, आणि त्यांत त्या कवीनें शब्दांच्या अशा कसरती केल्या आहेत कीं पाहणाऱ्यानें बोट तोंडांत घालावें. एक श्लोक जवळजवळ सबंध 'न' ह्या एकाच अक्षराचा. दुसरा असा कीं, चौसष्ट घरांचा पट आखून त्यांत अक्षरें भरलीं तर उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून कसाही वाचा, श्लोक तोच. ह्याला सर्वतोभद्र म्हणतात. पाहुणे आले, तपासणी असली, कीं मी रंगीत खडूंनीं तो पट फळ्यावर काढीत असें. पाहुणे मान डोलवीत, मुलें टाळ्या वाजवीत, आणि मला आपण फार मोठे पंडित आहों असें वाटे. अर्थगौरवासाठीं ज्याची ख्याति त्याच कवीचें जें सर्वांत कमी अर्थाचें, तेवढेंच मी वर्षानुवर्षें दाखवीत राहिलों. मम्मटानें अशा काव्यास शेवटच्या पायरीवर बसविलें आहे हें मला पाठ होतें. तें मी मुलांस सांगत नसें.

एकदां असा पट काढून झाल्यावर मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. अभ्यासांत यथातथाच. त्यानें विचारलें, "गुरुजी, पण हे लढताहेत कशासाठीं?" मीं म्हटलें, "तें परीक्षेंत येत नाहीं. खालीं बस." तो खालीं बसला. त्या वर्गांतल्या हुशार मुलांपैकीं एकाचाही चेहरा मला आतां आठवत नाहीं, ह्याचा आठवतो.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पुढचे भाग लागले आणि त्यांत एक प्रसंग आला. हागानेझुका म्हणून एक लोहार आहे. अत्यंत तिरसट, तलवारीवर ओरखडा दिसला तर मालकाच्या अंगावर सुरी घेऊन धांवणारा. त्याच्या हातीं तीनशें वर्षांपूर्वींचें एक गंजलेलें पातें आलें आहे आणि तो एका झोंपडींत बसून तें घांसतो आहे. ग्योक्को नांवाचा राक्षस दार मोडून आंत येतो. लोहार मान वर करीत नाहीं. राक्षस स्वतःस मोठा कलावंत समजणारा. आपल्याकडे कोणी पाहिलें नाहीं हें त्याला सोसत नाहीं. तो त्याच्या तोंडावर वार करतो, रक्त वाहतें, आणि तरी सहाणेवरचा हात थांबत नाहीं. येथें वीज नाहीं, वारा नाहीं, अजगर नाहीं. एक मनुष्य बसून दगडावर लोखंड घांसतो आहे, आणि माजघरांत कोणी श्वास सोडीना. परातींतले हातही थांबले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "मेल्याला सुधारायचें तरी किती ह्या कामानें वेडावलेल्या माणसांना!" 'मेल्याला' म्हणजे कोणाला, लोहाराला कीं राक्षसाला, कीं मला, हें मीं विचारलें नाहीं.

मग मीं नातवाला भासाच्या 'ऊरुभंगा'ची गोष्ट सांगितली. आपल्या जुन्या नाट्यशास्त्राचा नियम असा कीं, युद्ध व वध रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नये; तें कोणा पात्राच्या तोंडून कळवावें. भीम व दुर्योधन ह्यांचें गदायुद्ध हें महाभारतांतलें शेवटचें मोठें द्वंद्व, आणि भासानें तें दाखविलेंच नाहीं. तीन सैनिक येतात व आपल्याला काय दिसलें तें सांगतात. "म्हणजे कॉमेंट्री," नातू म्हणाला. कॉमेंट्रीच. पण पुढें भास नियम मोडतो. मांड्या फुटलेला दुर्योधन हातांवर सरपटत रंगभूमीवर येतो. त्याचा लहान मुलगा दुर्जय त्याला शोधीत येतो आणि नेहमींप्रमाणें मांडीवर बसूं पाहतो. आणि बापाला त्याला नको म्हणावें लागतें. नातू कांहीं बोलला नाहीं. गदा कशा आपटल्या हें त्यानें विचारलें नाहीं. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "त्याला कळतें का, कां नको म्हणतात तें?"

भासाला गदायुद्ध दाखवितां येत नव्हतें म्हणून त्यानें तें टाळलें असेल काय? असेलही; लांकडी गदांनीं कितीसा रंग भरणार! यूफोटेबलपाशीं सर्व साधनें आहेत, म्हणून ते सर्व दाखवितात. साधनें वाढलीं म्हणजे संयम महाग होतो, हें स्वयंपाकघरांतही दिसतें.

शेवटचा भाग नेहमींच्या दुपटीहून लांब. रात्र संपत आली आहे. तें भय म्हणजे मूळचा हान्तेंगु, पळतो आहे, आणि समोर निःशस्त्र लोहार आहेत; त्यांना खाऊन तो पुन्हां बळावणार. तांजिरो पाठीमागें धांवतो आणि तोंच क्षितिजावर सूर्य येतो. उजाडलें म्हणजे राक्षस मरावा, हीच तर सारी रात्र इच्छा होती. पण नेझुको पेटीबाहेर आहे. तिची कातडी जळूं लागते. भाऊ तिच्यावर पडून स्वतःच्या अंगाची सांवली करतो. पुढें लोहारांच्या किंकाळ्या, अंगाखालीं बहीण. इकडे राहावें तर ते मरतात, तिकडे जावें तर ही मरते. तो हलूं शकत नाहीं. मग बहीणच त्याला लाथ मारून वर उडवून देते, राक्षसाच्या दिशेनें; आणि हवेंतून जातांना तो वळून पाहतो तों ती जळतां जळतां हंसते आहे.

मी येथें परातीकडे पाहण्यास विसरलों. नंतर पाहिलें तेव्हां सोललेले व न सोललेले वाल एकांत एक झाले होते, आणि ते निवडण्यास आम्हां दोघांना पाऊण तास लागला.

त्या प्रसंगांतही लखलखाट कमी नाहीं. किंबहुना तो सूर्योदय सबंध पर्वांत सर्वांत भव्य आहे. मधल्या भागांतल्या विजेपेक्षां ह्या सूर्याला अधिक किंमत कां, ह्याचा विचार केल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानांत आली. लढाई व गोष्ट ह्या दोन पारड्यांत घालून तोलण्याच्या वस्तु नव्हेतच. मधल्या लढाईंत नायकाला फक्त अधिक जोर लावायचा आहे. जोर लावणें ही गोष्ट होत नाहीं, मग तो कितीही रंगांत दाखवा. शेवटीं त्याला निवड करायची आहे. दोहोंपैकीं एक गमवायचें आहे. निवड आली कीं तलवारीचा घाव हाच कथेचा शब्द होतो. आणि नेझुकोसाठीं भावाच्या जिवाची ही जी ओढाताण होते तिचा पाया आधींच्या पर्वांत घातलेला आहे. ती लांकडी पेटी आपण त्याच्या पाठीवर किती काळ पाहत आलों आहों! पेटीचें ओझें प्रेक्षकाच्याही खांद्यावर आल्यावांचून सूर्य कितीही रंगविला तरी तो नुसता सूर्य.

ह्या मालिकेची एक खोड मात्र मला पटत नाहीं, आणि ती निकालपत्रांत नमूद केली आहे. राक्षस मरतांना, किंवा योद्धा हरतांना, मध्येंच लढाई थांबवून त्याचें पूर्वचरित्र सांगतात. तोकितो नांवाच्या मुलाची हरवलेली स्मृति अशीच ऐन मारामारींत परत येते. पूर्वचरित्र हृदयस्पर्शी असतें ह्यांत शंका नाहीं. पण पाहुणा निघून जातांना दारांत त्याची ओळख करून दिल्यासारखें होतें. हान्तेंगूचें तर फारच थोडक्यांत आटोपलें आहे. माणूस असतांना तो चोर व खोटारडा होता, आणि पकडल्यावर न्यायाधीशास म्हणाला, हा अपराध माझा नव्हे, माझ्या हातांचा. हें आधीं कळतें तर त्या राग-दुःखाच्या सोंगांस केवढा अर्थ आला असता!

नातवानें ह्यावर उत्तर दिलें, तें येथें नोंदवितों. त्याच वर्षीं १२ सप्टेंबरला ह्याच मालिकेचा मोठा चित्रपट हिंदुस्थानांत आला, हिंदींतही बोलणारा, अडीच तासांहून लांब. आमच्या घरचीं पांच मुलें तो पाहण्यास कल्याणला गेलीं. मी गेलों नाहीं. अडीच तास आवाज माझ्या कानांस सोसणार नव्हता. रात्रीं पंक्तींत मुलें एकमेकांचीं तोंडें धरून सांगत होतीं, आणि मी ऐकत होतों. वाडा कसा फिरला ह्यावर दोन वाक्यें झालीं. पुढचा सारा वेळ अकाझा नांवाच्या राक्षसाचा. तो माणूस असतांना हाकुजी नांवाचा गरीब मुलगा होता, आजारी बापाच्या औषधासाठीं चोरी करी, पकडला जाई, मार खाई. आणि मुलानें आपल्यासाठीं चोरी करूं नये म्हणून बापानें जीव दिला. हें सांगतांना सर्वांत धाकट्या नातीचा आवाज चिरकला. तिनें भात तसाच ठेवला. "बघा आजोबा," आरोपी म्हणाला, "दारांत ओळख करून दिली, पण लक्षांत राहिली ना?" राहिली, हें मला मान्य करावें लागलें. माझें मत मी बदललें नाहीं. पण तें पूर्वींइतकें ताठ राहिलें नाहीं.

निकाल असा दिला: गोष्ट आहे, अकरांपैकीं चार भागांत ती भरपूर आहे, तीन भागांत आहे पण पातळ, आणि उरलेल्यांत रोषणाई पाहून घ्यावी. पैसे चालूं ठेवावे. बंधूंनीं मान्य केलें, आणि पुढच्या वेळीं आपणांस फक्त शेवटच्या भागाला हांक मारावी असें बजावलें. त्यांचा स्वभावच तसा. कीर्तनालाही ते आरतीच्या वेळीं पोंचतात.

दुसऱ्या दिवशीं ओसरीवर नातू जवळ येऊन बसला. त्याला मीं तो फळ्यावरचा पट व मागच्या बांकावरचा मुलगा ह्यांविषयीं सांगितलें होतें. म्हणाला, "मग ते लढत होते कशासाठीं?" तेव्हां मीं, ज्याला सांगावयाचें होतें त्याला न सांगितलेली ती गोष्ट ह्याला सांगितली. वनवासांतला अर्जुन, शस्त्रासाठीं इंद्रकील पर्वतावर मांडलेली तपश्चर्या, अंगावर येणारा डुक्कर, एकाच वेळीं सुटलेले दोन बाण, आणि बाण कोणाचा ह्यावरून एका भिल्लाशीं जुंपलेलें भांडण. भिल्लाचा वेष घेतलेले ते शंकर, हें अर्जुनाला ठाऊक नाहीं. बाण संपतात, खड्ग जातें, कवच जातें, शेवटीं नुसत्या हातांची कुस्ती उरते. शंकर आकाशांत झेंप घेतात आणि अर्जुन त्यांचे पाय धरतो. धरतो तो खालीं पाडण्यासाठीं. पण धरले ते देवाचे पाय! त्या पाय धरण्यानें शंकर प्रसन्न होतात.

नातू बराच वेळ गप्प होता. "त्यानें मुद्दाम धरले नव्हते ना?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "नाहीं."

मग आंत जाऊन त्यानें गणिताच्या वहीचा एक कागद फाडून आणला, पट्टीनें आठ उभ्या व आठ आडव्या ओळींचीं चौसष्ट घरें आखलीं, आणि पेन्सिल माझ्या हातांत देऊन म्हणाला, "आतां तो चारी बाजूंनीं वाचतां येणारा श्लोक लिहून द्या. रंगीत पाहिजे." खडू घरांत नव्हते. त्यानें धाकट्या बहिणीचे रंग आणले. तो कागद सध्यां टीव्हीच्या वरच्या भिंतीवर, तलवार उपसलेल्या तांजिरोच्या शेजारीं डकविलेला आहे. आणि आल्यागेल्यास तो कसा वाचावा हें नातूच दाखवितो, मला बोलूंही देत नाहीं.